‘पार्टिशन’ मराठीत आणताना: वाटणी, वाटप, फाळणी, विभाजन की आडभिंत?

इंग्रजी मजकुरात ‘पार्टिशन’ दिसले की बहुतेकांचा हात सवयीने ‘फाळणी’कडे वळतो. इतिहासावरच्या लेखात ते बऱ्याचदा खपते. कोर्टाच्या कागदात, बांधकामाच्या अंदाजपत्रकात किंवा संगणकाच्या पुस्तिकेत मात्र खपत नाही, आणि तिथली चूक नुसत्या शैलीची राहत नाही. वाटपाच्या दाव्यातल्या अर्जदाराला नेमके काय हवे आहे, भिंतीच्या दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, कोणता मजकूर कायमचा पुसला जाणार, हे सगळे त्या एका शब्दावर टांगलेले असते. भाषांतरकार, बातमीदार, वकिलांकडचे लेखनिक आणि पाठ्यपुस्तके मराठीत आणणारे यांच्यासाठी ही पद्धत आहे.

आधी शब्दाची चाल समजून घ्यावी. मूळ लॅटिन. ‘पार्स’ म्हणजे भाग, त्यावरून भाग पाडणे, वाटून देणे या अर्थाचे क्रियापद आणि त्याचे नाम. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘वाटण्याची क्रिया’ एवढाच होता. पंधराव्या शतकातच तो क्रियेवरून वस्तूवर घसरला आणि दोन भागांमध्ये जे उभे राहते, ती भिंत, तो पडदा, तेही पार्टिशन झाले. पुढे अठराव्या शतकात पोलंडचे लचके तोडले गेले तेव्हा तो देशांना लागला, नंतर गणिताच्या आणि रसायनशास्त्राच्या परिभाषेत स्थिरावला आणि शेवटी संगणकाच्या डिस्कमध्ये शिरला. जुना अर्थ एकही गेला नाही, सगळे आज एकाच वेळी चालू आहेत.

मराठीत असे झालेले नाही. आपल्याकडे वाटण्याच्या क्रियेला एक शब्द, तुटण्याला दुसरा, मधल्या भिंतीला तिसरा. ‘वाटणी’ क्रियेवरून हिश्श्यापर्यंत सरकते (‘माझ्या वाटणीला विहीर आली’), पण भिंतीपर्यंत कधीच जात नाही. म्हणून इंग्रजी शब्दाला एक कायमचा मराठी प्रतिशब्द ठरवून टाकण्याचा प्रयत्नच चुकीचा आहे. प्रत्येक जागी शब्दाला दोन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न: क्रिया, वस्तू की परिणाम?

वाक्यात तो शब्द काय करतो ते पाहा. त्यावर तारीख घालता येत असेल (‘अमुक साली झाली’) तर ती क्रिया. त्याला उंची, जाडी किंवा रंग लावता येत असेल तर वस्तू. त्याला क्रमांक किंवा आकारमान असेल (‘तिसरे’, ‘दोनशे जीबीचे’) तर क्रियेतून निघालेला तुकडा.

शब्दयोगी अव्यय जवळजवळ नेहमी खूण देते. पुढे ‘ऑफ’ आले तर एका अखंड गोष्टीचे भाग पडत आहेत. ‘अमंग’ आले, किंवा ‘बिटवीन’नंतर माणसांची अथवा देशांची नावे आली, तर घेणारे ठरलेले आहेत, म्हणजे वाटणी. ‘बिटवीन’नंतर दोन खोल्या आल्या तर आडभिंत. ‘इनटू’ आले तर भागांची संख्या महत्त्वाची, तिथे विभाजन किंवा विभागणी. क्रियापदाला दुहेरी ‘एफ’चे ‘ऑफ’ चिकटले असेल तर मोठ्या जागेचा एक कोपरा आडोसा करून वेगळा काढलेला असतो. त्याचे ‘विभाजित केलेला भाग’ करू नये, ‘आडोसा करून काढलेली जागा’ लिहावे.

दुसरा प्रश्न: मिळणारा कोण?

राजकीय मजकुरात हा प्रश्न निर्णायक ठरतो. १७७२, १७९३ आणि १७९५ या तीन वेळी रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडचा प्रदेश गिळला (१७९३ मध्ये ऑस्ट्रिया नव्हता). तिथे घेणारे बाहेरचे आहेत आणि मूळ देशच नकाशावरून नाहीसा झाला. म्हणून ‘पोलंडची वाटणी’. १८८४-८५च्या बर्लिन परिषदेच्या काळात युरोपीय सत्तांनी केलेली तीही ‘आफ्रिकेची वाटणी’. आयर्लंडची मात्र ‘फाळणी’, कारण १९२०च्या कायद्याने, मे १९२१ पासून, एकाच भूमीत दोन शासनव्यवस्था उभ्या राहिल्या. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाईनसाठी मंजूर केलेली योजना हीसुद्धा फाळणीचीच.

देशांतर्गत राज्ये आणि जिल्हे यांना ‘फाळणी’ लावू नका. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला ते ठाणे जिल्ह्याचे ‘विभाजन’. मुंबई राज्याचे १९६० साली आणि आंध्र प्रदेशचे २०१४ साली जे झाले त्याला कायद्याच्या नावात ‘पुनर्रचना’ आहे, बोलण्यात आपण विभाजन म्हणतो. ‘फाळणी’ला मराठीत स्थलांतराची आणि रक्तपाताची छटा कायमची चिकटली आहे. प्रशासकीय सोयीसाठी केलेल्या बदलावर तो शब्द लादला की वाचकाच्या मनात नसलेली जखम उभी राहते.

इंग्रजीत शब्द मोठ्या अक्षराने आणि निश्चित उपपदासह आला तर मजकुराची तारीख आधी पाहा. १९०५ ते १९११ या काळातल्या भारतीय लेखनात ‘द पार्टिशन’ म्हणजे बंगालची फाळणी. ती १६ ऑक्टोबर १९०५ रोजी अमलात आली आणि १२ डिसेंबर १९११च्या दिल्ली दरबारात रद्द झाल्याचे जाहीर झाले. त्यासाठी मराठीत ‘वंगभंग’ हा नेमका शब्द आहे, तो वापरा. १९०६च्या भाषणाचे भाषांतर करताना नुसते ‘फाळणीविरोधी चळवळ’ लिहिले तर आजचा वाचक चाळीस वर्षे पुढे जाऊन पडतो. आयरिश लेखकाच्या मजकुरात तोच मोठ्या अक्षराचा शब्द १९२१कडे बोट दाखवतो. तिथे पहिल्या उल्लेखाला देशाचे नाव जोडावे, पुढे नुसते ‘फाळणी’ चालेल.

एकाच घटनेत दोन्ही शब्द लागतात असे सर्वात स्वच्छ उदाहरण १९४७चेच आहे. त्या वर्षी जून-जुलैमध्ये नेमलेल्या ‘पार्टिशन कौन्सिल’चे काम सीमा आखण्याचे नव्हते. ते रॅडक्लिफ यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगांकडे होते आणि त्यांचा निवाडा १७ ऑगस्टला जाहीर झाला. कौन्सिलसमोर फौज, रेल्वेचे डबे, कचेऱ्यांतले सामान आणि रोख शिल्लक होती. रोख शिलकीतून पाकिस्तानच्या वाट्याला ७५ कोटी रुपये ठरले, त्यातले २० कोटी आधी दिले गेले आणि उरलेले ५५ कोटी जानेवारी १९४८ मध्ये. हे सगळे व्यवहार वाटणीचे आहेत. म्हणून कौन्सिलला रूढ नावाने ‘फाळणी परिषद’ म्हणा, पण तिच्या कामाचे वर्णन करताना ‘मालमत्तेची वाटणी’, ‘सैन्याची विभागणी’, ‘देण्यांचा हिस्सा’ असे लिहा. सगळीकडे ‘फाळणी’ ओढली तर ‘टाइपरायटरची फाळणी’ अशी रचना निघते आणि वाचक अडखळतो.

कोर्टाचा आणि सातबाऱ्याचा कागद

सर्वाधिक नुकसान इथे होते, म्हणून इथे सावकाश जावे.

दिवाणी कोर्टात ‘पार्टिशन सूट’ म्हणजे ‘वाटपाचा दावा’. वकील मंडळी बोलताना ‘पार्टिशनचा दावा’ म्हणतात, लेखी मात्र वाटप. ‘पार्टिशन डीड’ म्हणजे ‘वाटणीपत्र’ किंवा ‘वाटपपत्र’. दोन्ही चालतात, पण एका दस्तात एकच ठेवा. ‘बाय मीट्स अँड बाउंड्स’ ही शेपटी आली तर ‘मोजमाप आणि सीमांनुसार’ असे अक्षरशः करण्यापेक्षा आपल्याकडचा रुळलेला शब्दप्रयोग घ्यावा: ‘सरस-निरस मानाने वाटप’. त्यात प्रत्येकाला चांगल्यातले आणि वाईटातलेही मिळावे हा भाव आहे, आणि कोर्टाच्या कारकुनापासून पक्षकारापर्यंत सगळ्यांना तो कळतो. प्रत्यक्ष हद्दीचा मुद्दा महत्त्वाचा असेल तर पुढे ‘चतुःसीमेप्रमाणे स्वतंत्र कब्जा’ जोडा.

आता खरी मेख. हिंदू कायद्यात ‘पार्टिशन’चे निदान तीन अर्थ होतात आणि तिन्ही एकाच निकालपत्रात भेटू शकतात.

पहिला, एकत्रपणा मोडणे. हिंदू कायद्याच्या मिताक्षरा पद्धतीत एखाद्या सहदायकाने (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने हक्क असलेल्या सदस्याने) वेगळे होण्याचा निःसंदिग्ध इरादा इतरांना कळवला की तो ‘विभक्त’ होतो, जमीन एका इंचानेही कापलेली नसली तरी. इथे ‘वाटप झाले’ लिहिणे चूक, ‘विभक्तता आली’ किंवा ‘एकत्रपणा संपला’ हे बरोबर. उलट बाजूने, बोलीतल्या ‘चूल वेगळी झाली’चे इंग्रजीत सरळ ‘पार्टिशन’ करू नका. वेगळी चूल हा पुरावा असू शकतो, वाटप नव्हे. ‘त्यांच्या वाटण्या झाल्या’ असे साक्षीदार म्हणाला तर त्याला नेमके काय म्हणायचे आहे ते जबानी घेतानाच स्पष्ट करून घ्यावे लागते.

दुसरा, प्रत्यक्ष तोडून देणे. प्राथमिक हुकूमनाम्यात फक्त हिस्से ठरतात: एक-तृतीयांश, एक-चतुर्थांश. अंतिम हुकूमनाम्यात कोणता तुकडा कोणाला ते ठरते. शेतसारा आकारलेली जमीन असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष वाटपाचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. कोर्टाबाहेरचा रस्ता महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५चा. मिळकत तोडण्याजोगीच नसेल, समजा एक लहानशी खोली, तर १८९३च्या पार्टिशन अ‍ॅक्टखाली ती विकून पैसे वाटून देता येतात. तिथे वस्तूचे वाटप होत नाही, किमतीचे होते. भाषांतरात हे निसटू देऊ नका.

तिसरा, मानीव वाटणी. हिंदू वारसा कायद्याच्या जुन्या कलम ६ मध्ये मयताचा हिस्सा काढण्यासाठी ‘मृत्यूच्या क्षणापूर्वी वाटणी झाली असती तर’ असे गृहीत धरायचे होते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात आलेल्या, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका अपिलात पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली मागे होत्या. मानीव वाटणीत नवरा, बायको आणि दोन मुलगे असे चार हिस्से, प्रत्येकी १/४. मग नवऱ्याचा १/४ सहा वारसांत, प्रत्येकी १/२४. पत्नीचा एकूण हिस्सा १/४ अधिक १/२४, म्हणजे ७/२४. हा हिशोब मराठीत आणताना पहिल्या पायरीला ‘मानीव वाटणी’ आणि दुसऱ्या पायरीला ‘वारसाहक्काने मिळालेला हिस्सा’ असे वेगळे शब्द ठेवले नाहीत, तर वाचणाऱ्याला १/४ आणि १/२४ ही दोन्ही एकाच वाटपाची फळे वाटतात आणि बेरीज का करायची तेच कळत नाही.

शब्दाचा अर्थ कायद्याने आवळला गेल्याचे उदाहरणही याच कलमात आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलींना मुलांसारखाच जन्मसिद्ध हक्क मिळाला (महाराष्ट्राने त्या दिशेची स्वतःची दुरुस्ती १९९४ सालीच केली होती). २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटणीला नवी तरतूद धक्का लावत नाही. पण ‘वाटणी’ कोणती? स्पष्टीकरणात सांगितले आहे: नोंदणीकृत वाटणीपत्राने झालेली किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली तोंडी वाटणी या कलमापुरती त्या शब्दाच्या बाहेर गेली. ११ ऑगस्ट २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फट ठेवली ती अपवादात्मक प्रकरणांपुरती, सार्वजनिक दस्तांचा भक्कम आधार असेल तरच. म्हणून कलम ६(५)वरच्या मजकुरात पहिल्याच उल्लेखाला ‘या कलमाच्या अर्थाने वाटणी’ असे लिहून टाकावे. बहिणीचा हक्क जातो की राहतो हे त्या एका शब्दाच्या व्याप्तीवर ठरते.

महसूल खात्याकडे गेलात की एक वेगळाच अनुभव येतो: तिथे ‘फाळणी’ हा रोजचा, निरुपद्रवी शब्द आहे. भूमी अभिलेख कार्यालयातला ‘फाळणी नकाशा’ म्हणजे गटाचे पोटहिस्से दाखवणारा नकाशा. साखळी अशी: वाटपाचा आदेश, पोटहिस्सा मोजणी, फाळणी नकाशा, फेरफार नोंद, स्वतंत्र सातबारा. इंग्रजीत यातल्या दोन-तीन टप्प्यांना सर्रास ‘पार्टिशन’ किंवा ‘सब-डिव्हिजन’ म्हटलेले असते. मराठीत टप्प्याचे नाव लिहा.

भिंत

बांधकामात आणि फर्निचरच्या कामात ‘पार्टिशन’ हा शब्द मराठीच झाला आहे, नपुंसकलिंगी: ते पार्टिशन. सुतार ‘पार्टिशन मारतो’ किंवा ‘टाकतो’. प्लाय, काच किंवा जिप्सम बोर्डाचे असेल तर तोच शब्द ठेवा. विटेचे असेल तर ‘आडभिंत’ किंवा ‘पडदी’. कोकणातल्या जुन्या घरांविषयीच्या मजकुरात कारव्यांवर शेणमातीचा गिलावा केलेली भिंत असेल तर तो ‘कूड’. ‘कूड’ला पार्टिशन म्हणणे म्हणजे घरच बदलणे.

अंदाजपत्रकात एकक पाहा. नऊ इंची भिंतीचे वीटकाम घनमीटरमध्ये मोजतात, साडेचार इंची आडभिंतीचे चौरस मीटरमध्ये. भाषांतरात दोन्हींना नुसते ‘भिंत’ म्हटले की एकाच तक्त्यात एका भिंतीला घनमीटर आणि दुसरीला चौरस मीटर का, असा घोळ होतो आणि दर ताडून पाहणारा हटकून चुकतो.

‘पार्टी वॉल’ हा सापळा आहे. दिसायला जवळचा, अर्थाने दूरचा. ती दोन मालकांमधली ‘सामाईक भिंत’, वजन पेलणारीही असू शकते. आडभिंत पाडायला घरमालकाची मर्जी पुरेल, सामाईक भिंतीला शेजाऱ्याची संमती लागते.

डिस्क

इथे मराठी प्रतिशब्द शोधूच नये, ‘पार्टिशन’ ठेवावे. शब्दशः गेल्यास पडद्यावर ‘फाळणी हटवा’ असे येते, आणि घाबरलेला माणूस नेमके नको ते बटण दाबतो. काळजी घ्यायची ती शेजारच्या शब्दांची: डिस्क म्हणजे अख्खे यंत्र, पार्टिशन म्हणजे तिच्यावर आखलेला भाग, ड्राइव्हचे अक्षर म्हणजे त्या भागाला दिलेले नाव. ‘पार्टिशन डिलीट करा’ आणि ‘फॉरमॅट करा’ ही वेगळी कामे आहेत. पहिल्यात आखणीच जाते, दुसऱ्यात आखणी राहून आतली मांडणी नव्याने होते. आकडेही तपासा: डिस्कवरच्या आखणीची नोंद ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत प्राथमिक पार्टिशने चारच आणि डिस्कची मर्यादा साधारण दोन टीबी, नव्या जीपीटी पद्धतीत विंडोजवर पार्टिशने १२८ पर्यंत.

गणित आणि विज्ञान

पूर्णांकाचे ‘विभाजन’ रूढ आहे. ५ची विभाजने सात: ५, ४+१, ३+२, ३+१+१, २+२+१, २+१+१+१, १+१+१+१+१. क्रम बदलला तरी विभाजन तेच, हे पहिल्याच परिच्छेदात सांगा, नाहीतर विद्यार्थी १+४ वेगळे मोजतो. संख्या किती झपाट्याने फुगतात ते दाखवायला १००ची १९,०५,६९,२९२ आणि २००ची ३९,७२,९९,९०,२९,३८८ ही उदाहरणे पुरतात. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ साली दिलेल्या सूत्राची कसोटी २००च्याच आकड्यावर लागली होती. अडचण एवढीच की दहावीच्या भूमितीत ‘विभाजनाचे सूत्र’ आधीच आहे, रेषाखंड ठरावीक गुणोत्तरात छेदणारा बिंदू काढायचे. म्हणून संख्यांच्या गुणधर्मांविषयीच्या मजकुरात ‘पूर्णांकाचे विभाजन’ असे पूर्ण नाव लिहावे. संचाच्या बाबतीत तीन अटी शब्दांत मांडा: कोणताही भाग रिकामा नाही, दोन भागांत समान घटक नाही, कोणताही घटक बाहेर उरत नाही. तीन घटकांच्या संचाची अशी विभाजने पाच, चार घटकांची पंधरा.

रसायनशास्त्रातला ‘पार्टिशन कोएफिशंट’ तर भिंत आणि तुकडे दोन्ही सोडून देतो. ऑक्टॅनॉल (पाण्यात जवळजवळ न मिसळणारा एक द्रव) आणि पाणी एकत्र हलवून स्थिर होऊ दिले की विरघळलेला पदार्थ दोन्ही थरांत पसरतो. समतोल आल्यावर ऑक्टॅनॉलमधली संहती पाण्यातल्या संहतीच्या शंभर पट असेल तर गुणांक १००, त्याचा लॉग २. काही तुटत नाही, पदार्थ वाटला जातो, म्हणून ‘वितरण गुणांक’.

एक वाक्य, तीन पार्टिशन

वाटणीपत्राच्या इंग्रजी मसुद्यात नेहमी आढळणारे वाक्य घ्या. त्यात म्हटलेले असते की या पार्टिशन डीडने पक्षकारांमध्ये पार्टिशन झाले असून ‘अ’ आणि ‘ब’ हिश्श्यांमधली पार्टिशन वॉल दोघांची राहील. घाईत होणारे भाषांतर: ‘या विभाजन दस्ताने विभाजन झाले असून विभाजन भिंत दोघांची राहील.’ तीनदा एकच शब्द, आणि शेवटचा भाग अर्धवट: दोघांची म्हणजे वापराची की मालकीची?

पहिल्या जागी दस्ताचे नाव आहे: वाटणीपत्र. दुसऱ्या जागी तारीख घालता येणारी क्रिया, मागे ‘बिटवीन’ आणि माणसे: वाटप. तिसऱ्या जागी जाडी असलेली वस्तू: भिंत. आणि दस्त झाल्या क्षणी ती घरातली आडभिंत राहत नाही, दोन मालकांमधली होते. म्हणजे मूळ इंग्रजीत ‘पार्टिशन वॉल’ असले तरी मराठीत शब्द बदलावा लागतो: ‘या वाटणीपत्रान्वये पक्षकारांमध्ये मिळकतीचे सरस-निरस मानाने वाटप झाले असून, हिस्सा “अ” व हिस्सा “ब” यांमधील सध्याची आडभिंत यापुढे उभयतांच्या मालकीची सामाईक भिंत राहील.’ दुरुस्तीचा खर्च मसुद्यात नसेल तर तो आपल्या मनाने घालू नका. मसुदा करणाऱ्याला विचारा: निम्मा-निम्मा की ज्याच्या बाजूची पडझड त्याचा?

शेवटची तपासणी यांत्रिक आहे, पण टाळू नका. मूळ मजकुरात हा शब्द शोधून किती वेळा येतो ते मोजा, प्रत्येक जागेसमोर क्रिया, वस्तू किंवा तुकडा अशी खूण करा आणि मराठी शब्द लिहा. मग उलटे करा: मराठी मजकुरात ‘फाळणी’ आणि ‘विभाजन’ शोधा आणि प्रत्येक ठिकाणी ‘कशाची? कोणात?’ विचारा. शासकीय मजकूर असेल तर भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांत आणि न्यायव्यवहार कोशात ठरलेली संज्ञा पाहा. जुना मजकूर असेल तर मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश आणि कँडीने पूर्ण केलेला १८४७चा इंग्रजी-मराठी कोश उघडा, म्हणजे त्या काळी कोणता शब्द कोणत्या कामाला होता ते दिसते. कोश आणि प्रत्यक्ष वापर यांत फरक पडला तर दस्तात वापरातला शब्द ठेवा आणि कोशातली संज्ञा पहिल्या उल्लेखाशेजारी एकदाच द्या.